जिभेखाली एक मिनिट

तोक्यो,
२० सप्टेंबर २०२४

मित्सुयोवहिनी,

फोनवर तुम्ही "हो, बरं चाललंय" म्हणता आणि ठेवून देता, म्हणून पत्र लिहितेय. पत्रात तरी तुम्ही माझ्याशी पूर्ण वाक्यांत बोलता. इथला उकाडा अजून हटायचं नाव घेत नाही. ऑफिसातून येते ती नुसती आडवी होते. आज मात्र उठून बसलेय, कारण सांगण्यासारखं काही तरी आहे.

दोन वर्षं मी कशात डोकं घालून बसलेय ते तुम्हाला ठाऊक आहे. डोंगरभर लावलेल्या सुगी देवदारांच्या परागकणांनी ज्यांचं नाक दर वसंतात वाहतं, त्यातल्या काहींना डॉक्टर जिभेखालची गोळी देतात. रोज एक, तीन ते पाच वर्षं. बाकीचे फेब्रुवारी आला की नेहमीच्या गोळ्या आणि नाकातला फवारा घेऊन मे महिन्याची वाट बघत बसतात. दोन्हींतलं खरोखर जास्त लागू काय पडतं? निवडक माणसं जमवून, त्यांच्यावर नजर ठेवून केलेल्या चाचण्या पुष्कळ झाल्या. आम्ही बघतोय ते आपापल्या घरी राहणाऱ्या, औषध विसरणाऱ्या, साध्या माणसांचं. शिकोकू बेटावरच्या गावांच्या आरोग्यविम्याच्या नोंदी आहेत, नावं काढलेल्या. कुणी कुठलं औषध किती वर्षं नेलं आणि त्यानंतरच्या वसंतात त्याला नाकाडोळ्यांची आणखी किती औषधं लागली, एवढंच आम्हाला दिसतं.

आता ऐका. बहुतेक ठिकाणी लोक दुसऱ्या वर्षातच जिभेखालची गोळी सोडून देतात. एका गावात मात्र जवळपास कुणीच सोडलेली नाही! दर महिन्याला नेतात, वर्षानुवर्षं. आणि वसंतात त्यांना दुसरं औषध लागतच नाही म्हटलं तरी चालेल. गावाच्या नावाच्या जागी नुसता आकडा होता. पण डोंगरात नाक-कान-घशाच्या डॉक्टरचा एकुलता एक दवाखाना असलेलं गाव दुसरं कुठलं असणार? आपलं कामिसाको, वहिनी!

तुमच्या पेशंटांसाठी तुम्ही असं काय करता? मला खरंच कळायला हवंय.

आणखी एक. जिल्ह्याची आरोग्य समिती मार्चअखेर छोटे सरकारी दवाखाने बंद करणार आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. तुमचाही त्यात आहे. नोव्हेंबरात मला त्यांच्यापुढे हा अभ्यास मांडायचाय. कामिसाको सगळ्यात आधी ठेवणार आहे.

तुमची नणंद,
कानाए

---

कामिसाको,
६ ऑक्टोबर

कानाए,

उत्तराला उशीर झाला. मध्ये वादळ होऊन गेलं, दरड आली, तीन दिवस वरच्या वाडीची बस बंद होती. नर्स ओकाबेबाई गुडघ्याचं ऑपरेशन करून मुलीकडे गेल्या त्या आता परत येतीलसं दिसत नाही. तेव्हापासून नावं पुकारायची मी, तपासायचं मी, गोळ्या खिडकीतून द्यायच्या मी आणि संध्याकाळी फरशी पुसायची तीही मीच. नाकाच्या डॉक्टरकडे लोक कंबर, पाय, झोप, सूनबाई, सगळं घेऊन येतात. येऊ देत.

काय करता, विचारतेस. काही नाही करत. पहिली गोळी माझ्यासमोर घ्यायला लावते. जिभेखाली मिनिटभर धरायची, मग गिळायची, मग पाच मिनिटं पाणीसुद्धा नाही. अर्धा तास बसवून ठेवते, तोंडाला सूज नाही ना बघते आणि महिन्याने या म्हणते. ते येतात. यात माझी काही कला नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी बस वरून येते ती दोन तासांनी परत जाते, तोवर बसायला आमच्याइतकी गरम जागा गावात दुसरी नाही.

पण औषध लागू पडतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. शाळेत स्वयंपाक करणारी याएको मार्चमध्ये चष्म्यावर चष्मा चढवून यायची. नाक सालटून लाल झालेलं असायचं. मुलांच्या आमटीत शिंक जाईल म्हणून एक वसंत तिने रजाच काढली होती. आता गोळी सुरू करून पाच वर्षं झाली. या मार्चमध्ये तिने चादरी बाहेर अंगणात वाळत घातल्या. रस्त्यावरून जाताना मला हाक मारून दाखवल्या.

समितीसाठी फार धावपळ करू नकोस. जे व्हायचं ते होईल.

मित्सुयो

---

तोक्यो,
१२ नोव्हेंबर

वहिनी,

झालं! परवा तोकुशिमाला जाऊन समितीपुढे मांडून आले. कामिसाकोचा आलेख पडद्यावर आला तेव्हा अध्यक्ष पुढे वाकून बघायला लागले. म्हणाले, "इथे कोण डॉक्टर आहेत? असे दवाखाने आपण बंद करतोय?" मी म्हटलं, "माझी वहिनी." सगळे हसले, मग मला खुलासा करावा लागला की नोंदींना नावं नसतात आणि आकडेमोड करताना मला गाव माहीत नव्हतं. माझ्या साहेबांनी येताना गाडीत माझ्या पाठीवर थाप मारली. हा माणूस कधी कुणाची पाठ थोपटत नाही.

कामिसाकोपर्यंत वर यायचं फार मनात होतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी इथे बैठक होती. रागावू नका.

"जे व्हायचं ते होईल" हे तुमचं वाक्य मला सोडून देता आलं नाही. नोबुदादा गेला तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला होता. आठ वर्षं झाली, तुम्ही कोबेच्या असून आमच्या गावात राहिलात, आमच्या लोकांची नाकं बघत. आणि मी त्या गावची, ती तोक्योत. तुम्ही स्वतःसाठी कधी काही मागणार नाही, म्हणून मीच मागितलं. दवाखाना आणखी तीन वर्षं चालू ठेवायचा त्यांचा विचार आहे. जानेवारीत पक्कं होईल. तीन वर्षं, वहिनी! आता तुम्ही निश्चिंत राहा.

कानाए

---

कामिसाको,
९ डिसेंबर

कानाए,

गेनझो आजोबा गेले. तुला आठवत असतील, पुलाजवळचे, तुम्हा मुलांना पर्सिमनची फळं तोडू द्यायचे नाहीत ते. निमोनिया झाला. खालच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत उशीर झाला होता. ब्याऐंशी वर्षांचे होते. माझे गोळीचे पेशंट, पाच वर्षं एकही महिना न चुकवलेले.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या ओसाकाच्या मुलीने मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरातल्या कपाटातून तिने बिस्किटांचे पत्र्याचे डबे काढून माझ्यापुढे ठेवले. "डॉक्टर, हे काय आहे? फेकायचं की परत द्यायचं?" मी झाकण उघडलं. जिभेखालच्या गोळ्या. पट्ट्या जशा दिल्या तशा, महिन्यामहिन्याला रबर लावलेलं. पहिल्या डब्यात वरची एकच पट्टी फोडलेली.

शुक्रवारी बसने तोमे आजी आल्या. मी खोलीचं दार लावून त्यांना विचारलं.

"आजी, खरं सांगायचं. गोळी घेता का?"

"कुठली?"

"जिभेखालची."

"ती होय," त्या म्हणाल्या. "ती घेतली की पाच मिनिटं चहा नाही ना प्यायचा. सकाळी उठल्या उठल्या मला चहा लागतो."

"मग रात्री घ्यायची."

"रात्री माझे दात काढलेले असतात."

"दातांचा काय संबंध?"

"अगं, मग जीभ कुठे ठेवायची तेच कळत नाही."

मी हसले नाही. विचारलं, "मग दर महिन्याला नेता कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही तरी वेड्यासारखं विचारलंय. "नेली नाही तर तू कशाला बोलावशील? नाक माझं सत्तरीतच थांबलं वाहायचं. पण बरी झाले म्हटलं, की तू म्हणणार, आता यायला नको."

कानाए, मग मी एकेकाला विचारत गेले. सगळे तसे नाहीत. याएको घेते, पोस्टातला घेतो, वयाने लहान आहेत ते बहुतेक घेतात. पण माझे म्हातारे, ज्यांनी तुझा आलेख उंच केला, ते फक्त येतात. त्यांना वसंतात औषध लागत नाही, कारण त्यांचं नाक वयानेच निवलंय. तुझ्या नोंदीत दिसतं ते माझ्या खिडकीतून बाहेर गेलेलं औषध. तोंडात गेलेलं नव्हे.

आमचं गाव तुझ्या हिशेबातून काढ. समितीला कळव.

मित्सुयो

---

तोक्यो,
१८ डिसेंबर

वहिनी,

पत्र तीनदा वाचलं. आधी हसू आलं, मग राग आला. तो अजून आहे, तसाच लिहितेय.

नेलेलं औषध म्हणजे घेतलेलं औषध, असं धरूनच जगभर असे अभ्यास होतात. दुसरं करणार काय? लाखभर माणसांच्या तोंडात कोण बघायला जाणार? आमच्या अहवालात तशी ओळ आहे, की नोंदींवरून सेवनाची खात्री देता येत नाही. प्रत्येक गावात कुणाच्या तरी कपाटात गोळ्या असणारच. थोडा गाळ सगळ्याच पाण्यात असतो. फक्त कामिसाकोचा गाळ तुम्ही हात घालून वर काढलात आणि माझ्यापुढे धरलात.

आता काय होईल, बघा. जानेवारीच्या दहा तारखेला समितीची बैठक. कामिसाको काढलं की दवाखाना गेला. तोमे आजी मंगळवारी कुठे जाणार? बसस्टॉपवर बसणार? तुम्ही खरं सांगितलंत म्हणून त्यांची ती एक उबदार जागा जाणार, हे तुमच्या लक्षात आलंय का? आणि इथे साहेबांना मी काय सांगू? "माझ्या वहिनीने बिस्किटांचे डबे उघडले"?

तुम्ही मला कळवलंच नसतंत तर? कुणाचं काय बिघडणार होतं?

मला एकच कळत नाही. इतक्या वर्षांत तुम्ही दवाखान्यासाठी एक अर्ज लिहिला नाहीत, एक फोन केला नाहीत. आणि तो बंद व्हावा म्हणून चार पानी पत्र. दवाखाना राहावा असं तुम्हाला वाटतच नाही का?

कानाए

---

कामिसाको,
२ जानेवारी २०२५

कानाए,

नाही वाटत.

हे लिहून पेन खाली ठेवलं, चूल बघून आले, आता पुढे लिहितेय. नव्या वर्षाच्या पहिल्या पत्रात असं लिहू नये, पण तू सरळ विचारलंस.

मी थकलेय. पाय दुखतात असं नाही. पाय तर दुखतातच. थकलेय म्हणजे सकाळी पहिल्या माणसाचं नाव पुकारायला तोंड उघडते, तर आवाजच वर येत नाही. माणूस बोलत असतो, मी मान हलवते आणि मला त्यातलं काही ऐकू आलेलं नसतं. गेल्या वर्षी एका बाईचा कान मी दोनदा तपासला, तोच कान. दुसरा राहिला. उलट ती वाकून आभार मानून गेली. सहासष्ट वर्षांची आहे मी. कोबेला बहीण खोली रिकामी ठेवून बसलीय. मार्चअखेर बंद होणार, असं गेल्या उन्हाळ्यात कळलं, तेव्हा मी त्या रात्री सलग झोपले. मग तुझं पत्र आलं. नंतर दुसरं, तीन वर्षांचं. तू इतकी आनंदात होतीस, मी काय लिहू?

म्हणून माझा माझ्यावरच विश्वास नाही. खरं सांगायची माझी वाट आणि सुटकेची वाट एकच निघाली. दवाखाना मला हवा असता, तर मी गेनझो आजोबांचे डबे पाहून तोंड उघडलं असतं का? रोज विचारते स्वतःला. पण माझ्या मनात काहीही असलं, तरी त्या गोळ्या डब्यातच होत्या. ते माझ्या मनावर अवलंबून नाही.

आणि गाळाचं म्हणतेस. तुझा अहवाल वाचून कुठला तरी डॉक्टर ऐंशी वर्षांच्या माणसाला सांगेल, पाच वर्षं घ्या, बघा कामिसाकोत काय झालं. दुसरीकडे याएकोसारखी एखादी विचारेल, खरंच उपयोग होतो का? तिला तुझ्याकडून जे मिळेल ते खरं असू दे. पाच वर्षं रोज सकाळी एक मिनिट गप्प बसायचं, हे कमी नाही.

एक विचारू? राग मानू नकोस. तुला दवाखाना हवाय, की गावात आपलं कुणी तरी असलेलं हवंय?

तू ठरव. मी तुझ्या साहेबांना परस्पर काही कळवणार नाही.

मित्सुयो

---

तोक्यो,
८ फेब्रुवारी

वहिनी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी लिहीत नाही. तुम्हाला ते माहीत आहे.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "तुला आणखी आठवडा हवा होता, तर रजा मागायची ना, अशी गोष्ट कशाला रचायची?" मग म्हणाले, "कर परत."

परत केलं. कामिसाको काढलं. तेवढ्यावर माझं समाधान होईना, म्हणून सगळ्याच गावांतले पासष्टच्या पुढचे वेगळे काढून पाहिले. आणखी दोन डोंगरातली गावं निघाली, हुबेहूब तुमच्यासारखी. एक दवाखाना, एक बस, कधीच न थांबणारे म्हातारे. मी त्या दोन्ही डॉक्टरांना फोन केले. एक जण इतका वेळ हसला की मला वाटलं लाइन तुटली. दुसरे म्हणाले, "मला संशय होता, पण विचारलं असतं तर ते यायचे बंद झाले असते."

आता जे उरलंय ते सांगते. पासष्टच्या आतली माणसं, ज्यांनी तीन वर्षं किंवा जास्त गोळी नेली, त्यांना वसंतात खरोखरच कमी औषध लागतं. गोळी थांबवल्यानंतरही. आधी मी जे ढोल वाजवून सांगितलं होतं, त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. पण हे निम्मं मी कसंही ताणून, उलटं करून बघितलं, ते हलत नाही. म्हाताऱ्यांत फरक दिसत नाही, आणि का दिसत नाही ते नोंदींवरून सांगता येत नाही, असंच लिहिलंय.

समितीची बैठक पुढे ढकलायला लावली होती, ती काल झाली. मी जाऊन उभं राहून सांगितलं. अध्यक्ष पुढे वाकले नाहीत. एकतीस मार्चला कामिसाकोचा दवाखाना बंद. मी म्हटलं, त्या म्हाताऱ्यांना औषध नको होतं, कुणाकडे तरी जायला हवं होतं, तुमच्याकडे त्याची काही सोय आहे का? म्हणाले, मंगळवार-शुक्रवारची बस आता खालच्या हॉस्पिटलापर्यंत नेऊ. तेवढंच पदरात पडलं.

घरी येऊन रडले, वहिनी. गावासाठी की स्वतःसाठी, कळलं नाही. मग वाटलं, आठ वर्षांत मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही की तुम्ही थकलात का. आकडे बघणारी बाई मी, आणि समोरचं माणूस नीट वाचता आलं नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतेय. सामान बांधायला. नको म्हणू नका.

कानाए

---

कामिसाको,
३ एप्रिल

कानाए,

नीट पोचलीस ना? तुझं नाक बघून मला स्टेशनवर लाज वाटत होती. जिभेखालच्या गोळीवर दोन वर्षं घालवलेली बाई, आणि शिंकून शिंकून तिकीट हातातून पाडतेय. याएको मला म्हणाली, "तुमच्या नणंदेला सांगा, जूनमध्ये सुरू कर, आत्ता नाही. आणि मध्ये सोडू नकोस." सांगितलं बघ.

तू भरलेली खोकी गेली. मी दहा तारखेला कोबेला जाईन. तू घर पुसताना नोबुच्या खोलीत बराच वेळ होतीस, ते मला ऐकू येत होतं. बरं झालं आलीस. एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर तू परत रडशील आणि नाक आधीच वाहतंय.

एक सांगायचं राहिलं. पहिल्या एप्रिलला मंगळवार होता. मी सवयीने वेळेवर उठले, कपडे केले आणि मग लक्षात आलं की जायचं कुठेच नाही. तरी किल्ली द्यायची होती म्हणून खाली गेले. दवाखान्याचं शटर ओढलेलं, नगरपालिकेचा कागद चिकटवलेला. बाहेरच्या बाकावर तोमे आजी, स्कार्फ बांधून, पिशवी मांडीवर.

मी म्हटलं, "आजी, आजपासून बंद आहे. तुम्हाला सांगितलं होतं. बस पुढे हॉस्पिटलात जाते."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "वाचता येतं मला."

मी त्यांच्याशेजारी बसले. इतकी वर्षं तो बाक मी खिडकीच्या आतून पाहिला होता, त्यावर बसले कधीच नव्हते. वर सुगीच्या झाडांतून परागांचा पिवळा धूर निघत होता. आजींनी तिकडे पाहिलंही नाही. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आणि तुझं काय दुखतंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही."

"असं सगळेच म्हणतात. दुसऱ्या दमात खरं बोलतात. तूच म्हणायचीस ना?"

मग मी सांगायला लागले. आधी पायांचं. मग आवाज वर येत नाही त्याचं. मग नोबुचं, त्याच्या शेवटच्या महिन्यातलं, जे मी तुलाही कधी सांगितलं नाही. त्या मध्ये फक्त हूं हूं करत होत्या, मी करत असे तसंच असेल बहुतेक. परतीची बस आली. दार उघडलं. ड्रायव्हरने वाट बघितली, हॉर्न दिला.

"आजी, बस," मी म्हटलं.

तोमे आजींनी त्याला हाताने जा म्हणून खूण केली.

"पुढची शुक्रवारी आहे," त्या मला म्हणाल्या. "तू बोल."

मित्सुयो